दर्यापूरचा साक्षीदार

१

देवीदासचा जीव पूर्णेच्या पुलाअलीकडे गेला, तेव्हा त्याच्या नावाने राखलेला विषावरचा उतारा अंजनगावात एका सतरा वर्षांच्या मुलीच्या नसेतून उतरत होता. मुलगी वाचली. देवीदास गाडीतच गेला.

दोन हजार सतराचा सप्टेंबर होता. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन आत शिरलेल्या माणसाच्या तोंडावरच फवारा परत येई. संध्याकाळपर्यंत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस. वऱ्हाडातल्या वीसेक गावांनी तो महिना असाच काढला. काळी माती आरोग्य न्यासाने मग विषावरचा उतारा चाळीस ठिकाणी ठेवला आणि कुठे किती कुप्या शिल्लक आहेत याची यादी सर्व्हरवर चढवली. गाडीवाल्याने मोबाइलवर विचारायचं, यादीने जवळचं कोठार सांगायचं आणि तेवढ्या कुप्या त्याच्या नावाने राखून ठेवायच्या. त्या कुप्या दुसऱ्या कुणाला मिळायच्या नाहीत, हीच तर यादीची खुबी.

आणि नेमक्या खांडेनवमीला, शुक्रवारी दुपारी, यादीने दर्यापूरच्या कोठारातल्या त्याच सहा कुप्या दोघांना दिल्या. अंजनगावचा मोटरसायकलवाला आधी पोहोचला. देवीदासची गाडी आली तेव्हा फळी रिकामी होती, आणि गाडी तशीच अकोल्याकडे वळली.

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला न्यासाचे अध्यक्ष पंजाबराव यांचा फोन आला. महेजबीनने तो पहिल्याच घंटीला उचलला, कारण ती झोपलीच नव्हती. अमरावती आणि अकोल्याचे सर्व्हर, मधल्या तारा, यादी, सगळं तिच्या हातचं. पन्नाशीला टेकलेली ही बाई आयुष्यात फार कमी गोष्टींना भ्याली होती. रात्रभर मात्र ती एकच प्रश्न टाळत बसली होती.

"मॅडम, दर्यापूरच्या कोठारासमोर गाडी उभी हाय. मयत गाडीतच. लोक म्हणून राह्यले, ज्यानं हे केलं त्याचं नाव सांगा, मंगच अग्नी देऊ."

"नाव? भाऊसाहेब, अजून काय झालं तेच कळलं नाही."

"मशीनची चावी कोणाकडं असते?"

"माझ्याकडं. आन् शाकीबकडं."

"काल एक ते दोन शाकीब खुर्चीवर नव्हता. मले खबर हाय." पंजाबराव माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस पहिलं हाताला लागेल ते पुढे करतो. "तुमी त्याले वाचवता, असं मी म्हणत नाई. पण लोक म्हणतीन. नाव कसं हाय त्याचं, ते पाहा ना. चार वाजता मी गावासमोर नाव घेणार. तोवर दुसरं सापडलं त ठीक. नाई त हेच."

महेजबीनने फोन ठेवला. अठ्ठावीस वर्षांचा शाकीब आणि गाडीत मयत घेऊन बसलेला जमाव, यांच्यामध्ये आता साडेआठ तास उरले होते.

२

शेतावर दोन राखणदार असावेत तशी ही व्यवस्था होती. अमरावतीचा सर्व्हर मचाणावर, अकोल्याचा खाली राखीव. दर दोन सेकंदांनी खालचा विचारी, आहेस का? वरचा म्हणे, आहे. ऑफिसात याला सगळे ठोका म्हणत. ठोका थांबला की अकोल्याने मचाणावर चढायचं.

पण ठोका दोन कारणांनी थांबतो. वरचा मेला म्हणून, किंवा मधली तार तुटली म्हणून. खालच्याला यातलं काय झालं ते कसं कळावं? म्हणून दोघांपासून सारख्याच अंतरावर, दर्यापूरच्या कोठारात, महेजबीनने एक छोटा डबा बसवला होता. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. त्याचं नाव साक्षीदार. त्याची वाट वेगळी होती, मोबाइलच्या टॉवरवरून. ठोका तुटला की दोन्ही सर्व्हर त्याला विचारत, आणि तो ज्याला हो म्हणेल तोच मचाणावर राही. एरवी त्याला कुणी विचारत नसे.

मूर्तिजापूरजवळ रस्ता रुंद करताना खोदकामाची यंत्रं तार तोडत. त्या हंगामात अकरा वेळा तुटली होती आणि दहा वेळा साक्षीदाराने तंटा मिटवला होता. ऑगस्टात एकदा मात्र तारेसोबत दर्यापूरचा टॉवरही गेला आणि दोन्ही सर्व्हर गप्प बसले. दोन तास यादीच नव्हती. ते दोन तास महेजबीन विसरली नव्हती. त्याच संध्याकाळी तिने एक बारीकशी दुरुस्ती केली होती आणि त्यानंतर तसं झालं नव्हतं.

मग बाराव्या वेळी काय झालं?

शाकीब ऑफिसात बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काल एक वाजता कुठं होता?"

"इथंच, आपा."

"शाकीब."

त्याने मान खाली घातली. "जुम्म्याच्या नमाजला गेलतो. दर जुम्म्याला सांगून जातो. काल तुमी पंजाबरावभाऊसंग फोनवर होत्या, त सांगितलं नाही. मंग रात्री विचारलं तवा भेव वाटलं अन् खोटं बोललो. आता खरं बोललो तरी कोण मानते?"

महेजबीनने पडद्यावरची नोंद वाचली. एक वाजून बारा मिनिटं: ठोका तुटला. साक्षीदाराला विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. अमरावती: मी मुख्य.

अकोल्याची नोंद तिने शेजारी उघडली. शब्द तेच. शेवटची ओळ: अकोला: मी मुख्य.

एक वाजून बारापासून दोनपर्यंत एका शेतावर दोन राखणदार मचाण धरून बसले होते. एक वाजून वीसला अमरावतीने दर्यापूरच्या सहा कुप्या अंजनगावला दिल्या. अकोल्याला त्याचा पत्ता नव्हता. एक वाजून सव्वीसला त्याने त्याच कुप्या देवीदासला दिल्या.

"यात कोणाचा हात लागल्याची नोंद नाही," ती म्हणाली. "तू काही बंद केलं नाहीस."

"पण मी खुर्चीवर असतो त पाह्यलं असतं ना, आपा? मंग मीच ना?"

तिने दोन्ही नोंदी जपून ठेवल्या. शाकीब हळू आवाजात म्हणाला, "घरी बायकोनं, शकीलानं, आतून कडी लावली. सकाळी दोन मोटरसायकली येऊन घर पाहून गेल्या. मी पळून जाऊ का?"

"पळालास त तूच झालास."

खाली जीपचा हॉर्न वाजला. पंजाबराव शाकीबला ताब्यात घेऊन दुपारी दर्यापूरला न्यायला स्वतः आले होते.

३

अकोल्याला पोहोचेपर्यंत साडेदहा झाले. रस्त्याच्या कडेने झेंडूचे ढीग लागले होते, लोक आपट्याच्या फांद्या सायकलला बांधून नेत होते. सगळ्या जिल्ह्याचा सण होता, आणि महेजबीनला दर मोटरसायकल दर्यापूरकडे चालल्यासारखी दिसत होती.

अकोल्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या रागिणीने दार उघडलं. सवयीने आपट्याची दोन पानं पुढे केली, "सोनं घ्या, मॅडम," आणि मध्येच हात मागे घेतला. तिला रडू आलं.

"काल तुझ्या पडद्यावर अकोला मुख्य झाल्याचं आलं होतं. पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग शाकीबला फोन काहून नाही केला? एका फोनवर कळलं असतं की अमरावती जिवंत आहे."

रागिणीने ओढणीने डोळे पुसले. "शुक्रवार होता, मॅडम. सव्वा वाजला होता. त्या वेळी शाकीबभाऊ नमाजमधे असतात. मी आरतीले गेली की ते मले फोन करत नाहीत, अन् ते नमाजमधे असले की मी करत नाही. आमचं ठरलंय तसं. दोनला केला. तवरोक..." तिने आपट्याची पानं टेबलावर ठेवली.

महेजबीनला तिच्यावर रागवता येईना. दोन माणसांनी एकमेकांचा देव सांभाळला होता, यात गुन्हा कुठला शोधावा? आणि ही गोष्ट जमावापुढे सांगितली, तर जमाव नमाज एवढा एकच शब्द ऐकेल.

"साक्षीदार गप्प का होता, काही कळलं?"

"टॉवर गेला असेल. ऑगस्टात गेलता तसा."

सगळ्यांनी हेच धरलं होतं. खरं तर महेजबीननेही. ती कालचे निरोप वाचत बसली. कुप्या राखल्या की यादी कोठाराला मोबाइलवर निरोप धाडी आणि कोठाराचा माणूस उलट 'पावलं' म्हणून कळवी. दर्यापूरचं कोठार चंद्रभान सांभाळी. अंजनगावच्या कुप्यांचा निरोप त्याला एक वाजून बावीसला गेला होता. देवीदासचा निरोप नंतर गेला, पण निरोपात नाव नसे, नुसता सहा हा आकडा; तोच दुसऱ्यांदा आला असं चंद्रभानने धरलं असणार. पहिल्या निरोपाला चोविसाव्या मिनिटाला त्याचं उत्तर होतं: पावलं.

महेजबीनने ती ओळ पुन्हा वाचली.

"रागिणी, चंद्रभानच्या मोबाइलचं सिम आन् साक्षीदाराचं सिम एकाच कंपनीचं ना?"

"हो. तुमीच आणले दोन्ही. टॉवर एकच हाय तिथं."

टॉवर चालू होता. त्याच टॉवरवरून, त्याच खोलीतून, त्याच घटकेला चंद्रभान बोलत होता आणि साक्षीदार मुका होता. म्हणजे वाट बंद नव्हती, डबाच बंद होता. वीज गेली म्हणावं, तर तिथे औषधांच्या फ्रीजसाठी इन्व्हर्टर आहे आणि डबा त्याच इन्व्हर्टरवर आहे.

डबा आपोआप बंद झाला नव्हता. आणि त्या खोलीत काल दिवसभर एकच माणूस होता.

४

दर्यापूरला कोठारासमोर शंभरेक माणसं होती. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटत होती. पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडं होतं. आतून फवाऱ्याच्या औषधाचा उग्र वास येत होता. माणूस मेला तरी तो वास कपड्यांतून गेला नव्हता. गाडीच्या पायरीशी देवीदासची बायको मनकर्णाबाई बसली होती. तिने मान वळवून महेजबीनकडे पाहिलं.

चंद्रभानने कडी काढून तिला आत घेतलं आणि घाईने परत लावली. साठीचा माणूस. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंग बंद पडलं, तेव्हा न्यासाने ठेवला.

"बसा, बाई. पाणी देऊ?"

"नको."

तिने खोलीवर नजर फिरवली. तराजूवर हळदीकुंकवाची बोटं. फ्रीजच्या दारावर स्वस्तिक. कुलपावर, पान्यांच्या पेटीवर, स्टुलावर, एवढंच काय मोबाइलच्या चार्जरवरही कुंकू. खांडेनवमीची पूजा त्याने अगदी मनापासून केली होती. कोपऱ्यात फळीवर साक्षीदार होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्याच्यावर कुंकू नव्हतं. महेजबीन जवळ गेली. डब्यावर धूळही नव्हती. मागच्या महिन्यात ती आली होती, तेव्हा कागद मिळेना म्हणून तिने याच धुळीत बोटाने एक फोन नंबर लिहिला होता आणि दोघं हसले होते. आता पत्रा लख्ख होता. खोलीत सगळ्यांची पूजा झाली होती आणि या एकट्यालाच कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं.

तिने लॅपटॉप जोडला. डबा काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला होता. त्याआधीचं त्याला काही आठवत नव्हतं. हवेच्या जाळीत काहीतरी केशरी अडकलं होतं. तिने नखाने काढलं. झेंडूची पाकळी.

"चंद्रभानभाऊ," ती हळूच म्हणाली, "काल याले किती वाजता झोपवलं?"

म्हातारा खाली बसला.

"अकरा वाजता. पूजा केली अन् बटन बंद केलं. बाई, जिनिंगमधे तसंच होतं. खांडेनवमीले पूजा झाली की मशीनले हात लावत नाई. दिवे लागले, आरती झाली, मंग चालू. एका साली शेटजीनं पूजा झाल्यावर चालवाले लावलं. म्या सांगतलं होतं, नोका चालवू. माह्या डोयासमोर किसनरावचा हात गेला, खांद्यापासून." त्याने फ्रीजकडे बोट दाखवलं. "फ्रीज बंद करता येत नाई, त्यात दवाई. मोबाइल बंद करता येत नाई, त्यावर निरोप. मंग एकालेतरी विश्रांती द्याव म्हटलं. तुमीच सांगतलं होतं ना बाई, हा डबा काम काईच करत नाई, नुसता आयकते?"

सांगितलं होतं. बसवताना, हसत, याच खोलीत. त्याला कळावं म्हणून सोपं करून सांगितलं होतं.

"काल सांजच्याले आयकलं, यादी चुकली म्हणून माणूस मेला. तवा मले समजलं का नाई, माईत नाई. पण भेव आलं. चालू केलं अन् कुंकू पुसून टाकलं." त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केले. "मले मारतीन हे लोक."

बाहेर गर्दीचा आवाज एकदम चढला. पंजाबरावांची जीप आली होती, आणि पुढच्या सीटवर शाकीब बसला होता.

५

"कोन हाय तो?" "उतरवा त्याले खाली!" चार-पाच जणांनी जीपचं दार धरलं. शाकीबने डोळे मिटून घेतले होते. पंजाबराव हात वर करून ओरडत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

महेजबीन गर्दीतून वाट काढत जीपच्या दाराशी पाठ लावून उभी राहिली.

"चार वाजायले वेळ आहे, भाऊसाहेब. पण नाव मिळालं. आधी झालं काय ते ऐका."

तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मूर्तिजापूरला तार तुटली, बाराव्यांदा. दोन सर्व्हर, मध्ये एक साक्षीदार. शाकीब नमाजला होता, पण तो खुर्चीवर असता तरी साक्षीदार मुकाच राहिला असता. तार कुणी मुद्दाम तोडली नाही. टॉवर गेला नव्हता, कारण चंद्रभानला निरोप पोहोचला होता. वीज गेली नव्हती, कारण फ्रीज चालू होता. डबा पूजेसाठी झोपवला होता, जसं तुम्ही काल घरोघर पंप आणि विळे पूजेला ठेवलेत. तिने पाकळी तळहातावर धरून दाखवली.

शाकीबवरून नजरा हटल्या. त्याने पहिल्यांदा डोळे उघडले. पण हटलेल्या नजरा कोठाराच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रभानकडे वळल्या, आणि दोन जण त्या दिशेने सरकलेही.

"थांबा."

मनकर्णाबाई उठली होती. तिचा आवाज बसलेला होता, म्हणून सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"बाई, मी शिकली नाई. पण एक सांगा. त्या दोघाईले काईच समजत नव्हतं, बराबर? साक्षीदार झोपला होता. कोन खरं, कोन खोटं, सांगणारं कोनी नव्हतं."

"बरोबर."

"मंग दोघंबी बोलले काहून? माईत नसलं त मानूस गप बसते. हे गप काहून नाई बसले?"

सकाळपासून ती सगळ्यांना प्रश्न विचारत फिरली होती. हा एक तिने कुणालाच विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. कारण रात्रीपासून ती टाळत होती तो हाच प्रश्न.

"यादीनं माईत नाई म्हटलं असतं," मनकर्णाबाई म्हणत होती, "त डायवर सरळ अकोल्याले गेला असता. आमच्या गावापासून अकोला जवळ. तिथल्या दवाखान्यात उतारा होता, तिथल्या डाक्टरनंच सांगतलं. पन यादी बोलली, दर्यापूरले हाय. म्हणून गाडी मांगं फिरवली. माह्या मानसाचा येळ मांगं फिरण्यात गेला."

जीपच्या पत्र्याला टेकूनच महेजबीन बोलली.

"ऑगस्टात ते दोघं गप्प बसले होते. दोन तास. तेव्हा मला भीती वाटली की यादी बंद राहिली तर माणसं मरतील, आन् लोक म्हणतील बाईचं मशीन बंद पडते. त्या संध्याकाळी मी एक ओळ बदलली. साक्षीदार गप्प असला तरी थांबू नका, आपापलं बोला. मी कोणाले सांगितलं नाही. शाकीबलाही नाही." तिने पंजाबरावांकडे पाहिलं. "तुम्हाला नाव पाहिजे होतं. लिहून घ्या. माझं लिहा."

चंद्रभानकडे सरकलेले दोघं मागे झाले. मग एक मोठा उसासा ऐकू आला, तो चंद्रभानचा होता.

मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत माफी नव्हती, आणि महेजबीनने ती शोधलीही नाही. "खरं त बोलली," एवढंच ती म्हणाली, आणि गाडीकडे वळून आपल्या माणसांना म्हणाली, "चला. उन्ह उतरलं."

फौजदार तिला न्यायला साडेपाचला येणार होते. तोवरच्या वेळात महेजबीन कोठारात बसली आणि तिने ती ओळ काढून टाकली. तिच्या जागी दुसरी लिहिली. मग आपल्या ओढणीच्या गाठीतली चावी सोडून शाकीबच्या हातात दिली.

"आपा, तुमी परत येसान ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

चार दिवसांनी मूर्तिजापूरला तार तेराव्यांदा तुटली. त्यात टॉवरही गेला. तिवस्याकडून एका गाडीवाल्याने उतारा विचारला, आणि यादीवर पहिल्यांदाच ही अक्षरं उमटली: नक्की माहीत नाही. थांबू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. शाकीबने ते वाचलं, फोन उचलला, आणि एकेका कोठाराला तोंडाने विचारायला सुरुवात केली.